पक्के बिल, पक्की पत

(संस्थेच्या विद्यार्थी व युवक मार्गदर्शन शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर विद्वान वक्ते येऊन गेले आहेत. मी विद्वान नाही, वकील नाही आणि व्यापारीही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे काढली, एवढाच माझा अधिकार. तरीही चिटणीसांनी मला बोलण्यास सांगितले, कारण आपल्या वस्तीतील बरीच मुले-मुली आता मोबाईलवरून माल विकू लागली आहेत. नामांकित कंपन्यांचे बूट, कपडे, घड्याळे, मोबाईलचे सामान घ्यायचे आणि ऑनलाइन विकायचे. त्यातच काहींवर कंपन्यांच्या तक्रारी आल्या, खाती बंद झाली, पैसे अडकले. या तक्रारी का येतात आणि त्या येऊ नयेत म्हणून काय करावे, हा आजचा विषय आहे. विषय थोडा रुक्ष आहे, पण त्यात आपल्या घरातला पैसा आहे. म्हणून लक्ष द्यावे, ही विनंती.

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, अशी आपल्या गावाची जुनी ओळख. पुढे मुंबईच्या जकात नाक्यांच्या बाहेर आणि नाशिक महामार्गाच्या कडेला मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांत गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे राहिली आणि वाढली. २०१३ साली ॲमेझॉनने भारतात विक्री सुरू केली, तेव्हा त्या कंपनीचे देशातले पहिले मोठे गोदाम भिवंडीतच होते. आपली मुले तिथे रात्रपाळीत माल उचलतात, खोक्यांवर पट्ट्या चिकटवतात. जो हात दुसऱ्याच्या मालाचे खोके बंद करतो, त्याला कधीतरी वाटतेच की आपलेही एक खोके असावे. या वाटण्यात काही चूक नाही.

उलट मला त्याचा आनंद आहे. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यानंतर बाबासाहेबांनी शेअर्सच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्ला देणारा कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. आज मोबाईलवर माल घेणारा विकणाऱ्याचे आडनाव पाहत बसत नाही. माल खरा आहे का आणि वेळेवर आला का, एवढेच पाहतो. आपल्याला बाजारपेठेत गाळा नव्हता, पेढीवर बसणारा आजोबा नव्हता, आणि तरीही हे दार आपल्यासाठी उघडले आहे. मात्र या दारावर एक प्रश्न विचारला जातो: "हा माल तू कुठून आणलास?" त्याचे उत्तर तोंडी चालत नाही. कागदावर द्यावे लागते.

माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. माझा भाचा बी.कॉम. झाला आणि गोदामात कामाला लागला. दोन वर्षांनी त्याने स्वतः माल विकायचे ठरवले. त्याला मुद्रा योजनेतून पन्नास हजारांचे कर्ज मिळाले. माझ्या बहिणीने बचत गटातून अठ्ठावीस हजार काढून दिले. एका माणसाकडून एका नामांकित कंपनीच्या बुटांचा लॉट त्याने उचलला. १२० जोड, जोडीला ६५० रुपये, एकूण अठ्ठ्याहत्तर हजार. बिल म्हणून एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर "बूट मिक्स, १२० जोड" एवढेच लिहिलेले. विकणाऱ्याचे नाव नाही, नंबर नाही, शिक्का नाही.

ती चिठ्ठी त्याने मला दाखवली होती. काउंटरवर स्लिपवर एक सही कमी असली तरी स्लिप परत करणारा मी माणूस, त्या दिवशी काही बोललो नाही. भाव चांगला होता, घरात सगळे खुशीत होते, आपण कशाला मध्ये बोला, असे वाटले. ते न बोलणे मला अजून टोचते.

पहिल्या महिन्यात चाळीस जोड गेले. मग एका गिऱ्हाइकाने लिहिले की बूट नकली आहेत. पाठोपाठ कंपनीची तक्रार आली. मालाची ऑनलाइन मांडणी, ज्याला ही मुले लिस्टिंग म्हणतात, ती काढली गेली, मग खाते बंद झाले आणि जमा झालेले पैसे रोखले गेले. संकेतस्थळाने खरेदीचे बिल मागितले. भाच्याकडे ती चिठ्ठी होती. नंतर जाणकाराकडून बूट तपासून घेतले, तेव्हा कळले की बरेच जोड खरे होते, कंपनीचेच होते. मध्ये काही "फर्स्ट कॉपी" मिसळलेले होते. पण खरे कोणते आणि खोटे कोणते हे सिद्ध करणारा कागदच नव्हता. खोट्याबरोबर खराही गेला. पुढचे चौदा महिने त्याने गोदामातल्या पगारातून हप्ते फेडले. माल विकत घेताना सगळ्यांत महाग वस्तू कोणती, तर न घेतलेले बिल, हे आमच्या घराने अठ्ठ्याहत्तर हजार देऊन शिकले.

आता कायद्याकडे येऊ. पुष्कळ मुलांचा समज असा की कंपनीची परवानगी असल्याशिवाय तिचा माल विकताच येत नाही. काहींचा समज उलटा, की पैसे दिले म्हणजे माल आपला, वाटेल तसा विकू. सत्य या दोहोंच्या मध्ये आहे.

आपल्याकडे व्यापारचिन्हांसाठी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा आहे. तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्याच्या कलम ३० मध्ये असे तत्त्व आहे की, कंपनीने स्वतः किंवा तिच्या संमतीने बाजारात आणलेला माल कोणी रीतसर विकत घेतला, तर तो पुढे विकणे हा चिन्हाचा भंग होत नाही. म्हणजे खरा माल, खऱ्या वाटेने घेतलेला, पुन्हा विकण्याचा हक्क कायदा देतो. परंतु त्याच कलमात पुढे मर्यादा आहे. बाजारात आल्यानंतर मालाची स्थिती बदलली असेल, तो बिघडवला असेल, किंवा अन्य रास्त कारण असेल, तर कंपनीला हरकत घेता येते.

दोन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत. परदेशातून आणलेले सॅमसंगचे प्रिंटर येथे विकण्यावरून त्या कंपनीने दिल्लीतील विक्रेत्यांवर दावा केला होता. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने खरा आयात माल विकण्यास मुभा दिली, पण अट घातली. माल आयात केलेला आहे आणि कंपनी त्याची हमी व दुरुस्ती देणार नाही, हे गिऱ्हाइकाला दिसेल असे लिहून लावा, असे सांगितले. दुसरा निकाल ॲमवेसारख्या, घरोघरी प्रतिनिधींमार्फत माल विकणाऱ्या कंपन्यांचा. आमचा माल आमच्या संमतीशिवाय संकेतस्थळांवर विकू नये, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०१९ मध्ये एकल न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला, परंतु ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीच्या खंडपीठाने तो रद्द केला. तात्पर्य, पुनर्विक्री हा गुन्हा नाही. लपवाछपवी मात्र महागात पडते.

लपवाछपवीचे आणखी एक उदाहरण. वापरलेल्या हार्ड डिस्क परदेशातून आणून, मूळ कंपनीचे नाव पुसून, स्वतःच्या नावाने विकण्याचा प्रकार चालत होता. त्यावर मे २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने असा मार्ग दाखवला की अशी वस्तू विकायची तर मूळ कंपनी कोणती, वस्तू वापरून दुरुस्त केलेली आहे आणि मूळ कंपनीची हमी नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट कळले पाहिजे. आपल्याकडे लेबल कापून माल विकणारे सांगतात, "नावच काढले, आता तक्रार कशी येईल?" नाव काढल्याने प्रश्न सुटत नाही.

आणि माल नकलीच असेल तर? कलम १०३ व १०४ प्रमाणे खोटे व्यापारचिन्ह लावणारा आणि तसा माल विकणारा, दोघांनाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. गिऱ्हाइकाला "फर्स्ट कॉपी आहे" असे सांगून विकले तरी सुटका नाही. कंपनीने जे नाव आपल्याला दिलेले नाही, ते आपण घेतलेले असते. पंचशीलातील दुसरे शील आपण दर रविवारी म्हणतो. ते फक्त खिसे कापणाऱ्यांसाठी नाही.

मात्र कलम १०४ मध्येच प्रामाणिक विक्रेत्याच्या बचावाची जागा ठेवलेली आहे. आपण योग्य ती सर्व खबरदारी घेतली होती, मालाबद्दल संशय घेण्यासारखे काही नव्हते, आणि माल कोणाकडून घेतला याची सगळी माहिती आपण विचारताच दिली, हे त्याला दाखवता येते. पण दाखवायचे कशाने? पुन्हा बिलानेच.

आता तक्रारी कोणत्या प्रकारच्या येतात ते पाहू. पहिली, माल नकली असल्याची. दुसरी, नाव व चिन्ह चुकीच्या रीतीने वापरल्याची. "सॅमसंगच्या अमुक फोनला बसणारे कव्हर" असे लिहिणे वेगळे आणि "सॅमसंग कव्हर" असे लिहिणे वेगळे. कोणत्या वस्तूसाठी आहे हे सांगण्यापुरते नाव घ्यायला कायदा आडवा येत नाही, पण वस्तूच त्या कंपनीची आहे असा भास निर्माण करता कामा नये. आपल्या दुकानाच्या नावात कंपनीचे नाव घालणे किंवा अधिकृत विक्रेता नसताना "अधिकृत" म्हणणे, हेही त्यातलेच. तिसरी तक्रार छायाचित्रांची. बूट तुमच्या मालकीचा असेल, पण कंपनीच्या संकेतस्थळावरचा फोटो तुमचा नाही. त्यावर १९५७ च्या कायद्याप्रमाणे कॉपीराइट असतो. खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर वस्तू ठेवून स्वतः फोटो काढावा. मजकूरही स्वतःच्या शब्दांत लिहावा. चौथी तक्रार आकार व नक्षीची. नाव न लावताही एखाद्या नोंदलेल्या डिझाइनची हुबेहूब नक्कल केलेली वस्तू अडचणीत आणते.

मुले विचारतात, संकेतस्थळे आमचे ऐकून न घेता लिस्टिंग का काढतात? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७९ खाली त्यांना मध्यस्थ म्हणून संरक्षण आहे, पण त्यासाठी काळजी घेणे बंधनकारक आहे. २ नोव्हेंबर २०१८ रोजी ख्रिश्चन लुबुटिन या पादत्राणांच्या कंपनीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या संकेतस्थळाला केवळ मध्यस्थ म्हणून हात झटकता येणार नाहीत. म्हणून ती आधी माल उतरवतात आणि मग विचारतात. ते आपल्याला अन्यायाचे वाटेल, कधीकधी तो अन्याय असतोही. पण पहिला फटका विक्रेत्याला बसणार हे गृहीत धरूनच आपली तयारी असली पाहिजे.

ती तयारी मी बँकेतल्या माणसाच्या भाषेत सांगतो.

माल घेण्याआधी बिल पाहा. बिलावर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, तारीख, मालाचे नेमके नाव, मॉडेल आणि नग असले पाहिजेत. तो जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून बघा, दोन मिनिटांचे काम आहे. नाव जुळते का, नोंदणी चालू आहे का, ते कळते. पैसे रोख देऊ नका. व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडा आणि बिलावर ज्याचे नाव त्याच्याच खात्यात पैसे भरा. मग तुमचे पासबुकसुद्धा साक्षीदार होते. विकणारा स्वतः अधिकृत वितरक नसेल, तर त्याने माल कुठून घेतला याचीही प्रत मागा. तो चिडला, तर समजा की तुमचे पैसे वाचले.

लॉटचा माल, गिऱ्हाइकांनी परत केलेला माल, एक्सपोर्ट सरप्लस, सेकंड, हे शब्द भिवंडीत रोज कानावर पडतात. यात खरा माल असतो, पण मिसळही इथेच होते. असा माल एकेक नग तपासल्याशिवाय लावू नका. परत आलेला माल "नवा" म्हणून विकू नका. खोके फाटलेले असेल, हमीचे कार्ड नसेल, तर तसे लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये लागू झाले, त्यांतही विक्रेत्याने मालाचे खरे वर्णन करावे आणि खोटे अभिप्राय टाकू नयेत, अशी अपेक्षा आहे. आधी पाच-दहा नग घ्या, विका, वाट पाहा. सगळे कर्ज एका लॉटमध्ये घालू नका. आणि विकायला घेण्यापूर्वी त्या संकेतस्थळाचा नियम वाचा. काही कंपन्यांचा माल लावण्यासाठी तिथे आधीच बिल किंवा संमतीपत्र मागतात. कायद्याने हक्क असला तरी संकेतस्थळ त्याच्या कराराप्रमाणे चालते, हा फरक विसरू नका.

इतके करूनही तक्रार आलीच, तर घाबरू नका. प्रथम ती नीट वाचा: कोणी केली, कोणत्या वस्तूवर, कोणत्या हक्काखाली. त्या वस्तूची विक्री थांबवा. मग बिलांच्या प्रती जोडून तक्रारदाराला सभ्य भाषेत पत्र पाठवा आणि माल खरा असल्यास तक्रार मागे घेण्याची विनंती करा. तेच कागद संकेतस्थळाला द्या. चूक आपली असेल, तर ती कबूल करून पुन्हा होऊ नये म्हणून काय केले ते लिहा. दोन गोष्टी मात्र कधीही करू नका. एक, भावाच्या किंवा बायकोच्या नावाने दुसरे खाते उघडू नका. धागा जुळतो आणि तेही बंद होते. दुसरी, खोटे बिल तयार करू नका. तोपर्यंत प्रकरण मालाचे असते, त्यानंतर ते बनावट दस्तऐवजाचे होते.

प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तर वकिलाची फी कुठून आणायची या भीतीने गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळू शकते. ठाण्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. जातीचा दाखला घेऊन जा आणि अर्ज करा. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

आता शेवटचा मुद्दा. आपण आतापर्यंत कंपन्यांची नावे जपण्याविषयी बोललो. पण नाव फक्त मोठ्या कंपन्यांचेच असते का? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांतील कारागिरांच्या नावे ते नाव कायद्याने सुरक्षित झाले. कातडे कमावणारे आणि चपला शिवणारे ते हात कोणाचे, हे या सभागृहात सांगायला नको. जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात तशाच चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपल्याला किती राग आला होता! हे प्रकरण जनहित याचिकेने मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २०२५ मध्ये याचिका फेटाळली गेली. ज्यांच्या नावे मानांकनाची नोंद आहे त्यांनी स्वतः दाद मागावी, असा त्याचा रोख होता. म्हणजे नाव ज्याचे, जपण्याची जबाबदारीही त्याचीच.

मग रेक्झिनची चप्पल "अस्सल कोल्हापुरी" म्हणून विकताना आपल्यातल्या कोणाचा हात का थरथरत नाही? आपल्याच मागावर विणलेली काठाची साडी "येवल्याची हातमागाची पैठणी" म्हणून का चढवली जाते? जो राग मिलानवर काढला, तो आपल्या लिस्टिंगलाही लावून पाहावा.

आणि त्याहून पुढे जाऊन, आपले स्वतःचे नाव का असू नये? व्यापारचिन्हाचा शोध सरकारी संकेतस्थळावर फुकट घेता येतो. एकट्या व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे. कापडाचा वर्ग २४, तयार कपडे व पादत्राणांचा वर्ग २५. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. माझा भाचा आता इथल्याच कापडाच्या चादरी आणि उशांचे अभ्रे शिवून घेतो, आपल्या आईच्या नावावरून ठेवलेल्या नावाने विकतो आणि त्या नावाचा अर्ज त्याने केला आहे. फार मोठे काही झालेले नाही. महिन्याला थोडेफार सुटते. पण प्रत्येक मीटर कापडाचे बिल त्याच्या फायलीत आहे. ती फाईल मला दाखवायला तो आला, तेव्हा त्या दिवशी न बोललेले शब्द मी त्याला बोलून दाखवले. तो हसला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही सही कमी असलेली स्लिप परत करता ना, तसंच आता मी माल परत करतो."

मित्रहो, बँकेत आम्ही कर्ज देताना जामीन विचारतो, तारण विचारतो, पण खरे पाहतो ती पत. आपल्यापाठी पिढीजात भांडवल नाही. जी पत आपण स्वतः कमावू, तेवढीच आपली. ती नकली मालावर चढवू नका आणि कच्च्या चिठ्ठीवर गहाण टाकू नका. माल घेताना "बिल द्या" हे दोन शब्द म्हणायला लाजू नका.